माझ्या नावाची मूठ

आपल्याकडे माणूस आजारी पडला की सगळ्यात आधी त्याची भाकरी बंद करतात. भाकरी जड, पोळी हलकी. पोळीपेक्षा पाव हलका, पावापेक्षा बिस्किट हलकं, आणि अगदीच काही जात नसेल तर गव्हाचं सत्त्व. हा क्रम मला कोणी शिकवला नव्हता, घरात सगळ्यांना तो माहीतच होता. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझं पोट बिघडलं आणि बिघडतच राहिलं, तेव्हा माझ्या बायकोनं, सुमननं, हा क्रम काटेकोर पाळला. मी जितका खालावत गेलो तितकी ती मला हलकं देत गेली, आणि ती जितकं हलकं देत गेली तितका मी खालावत गेलो. यात तिची काही चूक नव्हती. तिच्या जागी कोणीही असतं तरी हेच केलं असतं.

मी धुळ्यात एका सहकारी संस्थेत हिशेबाचं काम करतो. आमचं मूळ गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठाला. लिहिण्याची मला सवय नाही. पण माझ्यासारखाच त्रास असलेले दोघेतिघे गेल्या काही वर्षांत विचारत घरी आले, आणि दर वेळी तेच ते सांगताना मी काहीतरी विसरायचो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो.

काटा

आमच्या गोदामात पोती तोलायचा काटा होता. आजाराआधी मी त्यावर उभा राहिलो होतो तेव्हा एकसष्ट किलो भरलो होतो. दोन वर्षांनी त्याच काट्यावर त्रेचाळीस. काट्यावरचा हमाल म्हणाला, "साहेब, पुन्हा उभं राहा, चुकलं वाटतं." मी पुन्हा उभा राहिलो. चुकलं नव्हतं.

त्रास सांगायला लाज वाटावी असाच होता. दिवसातून किती वेळा शौचाला जावं लागतं यावर माझा दिवस ठरायचा. एसटीनं प्रवास करणं मी सोडून दिलं. जीभ सोलल्यासारखी लाल झाली होती, चहासुद्धा कोमट करून प्यायचो, आणि ज्या घरात ठेच्याशिवाय ताट वाढत नाहीत तिथं मला मिठाचा कणही झोंबायचा. फोडणीचा वास आला की मी अंगणात जाऊन बसायचो. पायांना मुंग्या यायच्या. उन्हाळ्यात धुळ्यात लोक गच्चीवर झोपतात, मी गोधडी घेऊन आत झोपायचो.

एका डॉक्टरांना आतड्याचा क्षय वाटला. त्या काळात आमच्या भागात बारीक होत जाणाऱ्या माणसाबद्दल पहिली शंका तीच यायची, त्यात वावगं काही नव्हतं. मी गोळ्या घेतल्या, सगळ्या, एकही न चुकवता. लघवी लाल झाली, बाकी काही बदललं नाही. शेजारच्यांनी मात्र आपली मुलं आमच्याकडे पाठवणं बंद केलं. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. तिनं एकदा विचारलं, "बाबा, मी तुमच्या ताटात जेवले तर काय होईल?" तेव्हापासून मी माझं ताट-वाटी वेगळं ठेवायला लागलो. ते वेगळं ताट पुढे दुसऱ्याच कारणानं कायमचं वेगळं राहिलं.

भेटायला येणारे लोक पाव आणि बिस्किटांचे पुडे आणायचे. कपाट भरलं होतं. मला अन्न टाकवत नाही. सगळे पुडे मी संपवले.

गावी काय खाता?

मधल्या काळात मी दोनदा गावी जाऊन राहिलो होतो. माय, म्हणजे माझी आई, तेव्हा गावीच असायची. दोन्ही वेळा आठ-पंधरा दिवसांत मला बरं वाटायला लागलं. पोट थोडं थांबलं, झोप लागली. मी त्याचा अर्थ लावला तो पाण्याचा: धुळ्याचं पाणी मला सोसत नाही, गिरणेचं सोसतं. हिशेब करणाऱ्या माणसाला कारण सापडलं की समाधान होतं, मग ते खरं आहे की नाही हे तो पाहत नाही. मी गावाहून कॅन भरून पाणी आणायला लागलो. भडगावच्या बसचे कंडक्टर मला ओळखायला लागले. एकानं विचारलंच, "भाऊ, गंगाजल आहे का काय?"

धुळ्यात एक नवे डॉक्टर आले होते, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांना मी हे पाण्याचं सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "गावी काय खाता?"

"काही विशेष नाही. आई म्हातारी आहे, तिला चुलीपुढे बसून पोळ्या लाटणं होत नाही. भाकरी करते."

"कशाची?"

"कळण्याची. ज्वारी आणि उडीद."

"आणि इथे?"

सुमन शेजारी बसली होती. ती अभिमानानं म्हणाली, "इथं मी यांना भाकरी अजिबात देत नाही डॉक्टर. पोळी, पाव, शिरा, सत्त्व. सगळं हलकं."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली आणि आम्हाला पुण्याला एका मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं घशातून नळी घालून आतड्याचा तुकडा काढतात, तपासतात. त्या तपासणीबद्दल एवढंच सांगतो, ती जितकी भयंकर वाटते तितकी नसते. भयंकर असतं ते अहवालाची वाट पाहणं. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर एक मास्तर होते. ते रोज सकाळी माझी चादर ओढून सरळ करायचे, कारण माझ्या हातात तेवढा जोर नव्हता. त्यांनी कधी माझा आजार विचारला नाही. हॉस्पिटलमधल्या बऱ्याच गोष्टी विसरलो, ती चादर लक्षात आहे.

अहवाल आला. डॉक्टरांनी नाव सांगितलं, सीलियाक. गव्हातला एक पदार्थ माझ्या आतड्याला चालत नव्हता, आणि गव्हामुळे आतड्याचं अस्तर झिजून सपाट झालं होतं. औषध काहीच नाही. गहू बंद. रवा, मैदा, शेवया, पाव, सगळं बंद. कायमचं. कणभरही नाही.

मी विचारलं, "आणि भाकरी?"

"ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, हवं तेवढं खा."

मला सुटल्यासारखं वाटलं. कर्करोग नाही, क्षय नाही. बाहेर आल्यावर मी सुमनकडे पाहिलं तर ती बाकावर बसून रडत होती. मी म्हणालो, "अगं, बरा होणार आहे मी."

ती म्हणाली, "मी स्वतःच्या हातानं..." आमच्या घरात त्या दिवसापासून तिला जेवढं सांभाळावं लागलं तेवढं मला लागलं नाही. मी रोज भाकरी खाऊन किलो-किलोनं वाढत होतो आणि ती पोळपाटाकडे बघून खिन्न व्हायची. शेवटी मी एक दिवस म्हणालो, "तुला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं, तिघा डॉक्टरांना माहीत नव्हतं. मग सगळा दोष एकटीच्या नावावर कसा लिहितेस?" त्यावर ती जरा हसली. दुसऱ्या दिवशी तिनं घरातलं सत्त्व नेऊन शेजारणीला दिलं.

कणभर

ज्यांना हा आजार आहे त्यांच्यासाठी आता दोन कामाच्या गोष्टी.

गहू बंद करूनही सहा महिने माझं पोट अधूनमधून बिघडायचं. कारण लागेना. मग लक्षात आलं, गिरणी. जात्यात आधी कोणाचे गहू दळलेले असले तर त्याचं पीठ आपल्या ज्वारीत येतं. एरवी कोणाला त्याचं काही नसतं, मला ते पुरत होतं. आमच्या गल्लीतला गिरणीवाला पंडितभाऊ. त्याला समजावून सांगितलं. त्यानं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे तुम्हनं दयन बाजरीनंतर."

"हो. किंवा ज्वारीनंतर. पण गव्हानंतर नको."

"आन पहिला घान कोन्या तरी म्हशीले." त्याचा तोडगा त्यानंच काढला होता. पहिलं पसाभर पीठ बाजूला काढून तो गुरांना द्यायचा. माझा डबा तो सकाळी गिरणी झाडून पुसून झाल्यावर घ्यायचा, आणि गव्हाचा डबा घेऊन पुढे घुसणाऱ्या बायांना सांगायचा, "थांबा जरा, भाऊनं ऑपरेशन चालू शे."

दुसरी गोष्ट हिंग. बाजारातला खडा फोडून पूड करतात, त्यात बांधणीला मैदा असतो. सुमननं किराणा दुकानातल्या शेठजींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, निव्वळ हिंग खाल्ला तर नाक फाटेल. मिसळलेलाच असतो." त्या दिवसापासून आमच्या घरची फोडणी लसणाची.

हे सगळं घरात जमतं. घराबाहेर एक वाक्य आडवं येतं: कणभरानं काय होतं? लग्नात वरण-बट्टीची पंगत बसलेली असते, वाढपी तुपात बुडवलेली गव्हाची बट्टी घेऊन समोर उभा असतो, यजमान हात जोडतात, आणि आपण पिशवीतून फडक्यात बांधलेली भाकरी काढतो. ते दृश्य चांगलं दिसत नाही. मी सुरुवातीला आजार समजावून सांगायचो. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरोबर आहे, पण कणभरानं काय होतं?" नंतर मी फक्त म्हणायला लागलो, "डॉक्टरांनी शपथ घातली आहे." शपथ लोकांना लगेच समजते.

सगळ्यात अवघड गेलं ते सासरी, दोंडाईच्याला. जावयाला भाकरी वाढायची म्हणजे सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या ताट ठेवून आत गेल्या त्या बाहेर येईनात. सासरे मात्र म्हणाले, "अहो, रडता काय? लोकांचे जावई सोनं मागतात, आपला ज्वारी मागतो." त्यावर त्या आतून म्हणाल्या, "तुम्ही गप्प बसा," आणि भाकरीवर लोण्याचा गोळा घेऊन बाहेर आल्या.

कानबाई

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात घरोघरी कानबाई बसते. सगळे भाऊबंद मूळ घरी जमतात. देवीला रोटांचा नैवेद्य असतो. आदल्या दिवशी कुळातला वडीलधारा माणूस गहू मोजतो, कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. नाव घ्यायचं, मूठ टाकायची. पाळण्यातल्या मुलाचीही मूठ असते, नोकरीला लांब गेलेल्याचीही. मग ते गहू दळून त्याच पिठाचे रोट आणि पुरणपोळ्या होतात. ते अन्न कुळातल्यांनीच खायचं, उरवायचं नाही, टाकायचं नाही, बाहेरच्याला द्यायचं नाही.

माझ्या निदानानंतरच्या पहिल्या श्रावणात आम्ही गावी गेलो. माझं वजन चोपन्नवर आलं होतं. आल्या आल्या वहिनीनं, म्हणजे माझ्या धाकट्या चुलतभावाच्या, शंकरच्या बायकोनं (तिला सगळेच वहिनी म्हणतात), मला दारातच टोमणा मारला, "भाऊजी आते मव्हटा लोक व्हयनात. कानबाईना परसादबी चालस नही त्यास्ले."

माझं ठरलं होतं. जे अन्न मी खाणार नाही ते माझ्या नावानं मोजलं जाऊ नये. उरवायचं नाही असा नियम आहे, मग माझा वाटा उरणार हे ठाऊक असताना तो टाकायचाच कशाला? हा हिशेब मला सरळ दिसत होता. उलट मूठ टाकून घेणं ही देवीची फसवणूक, असंही मला वाटत होतं.

शनिवारी दुपारी नाना ओसरीवर गव्हाची पाटी घेऊन बसले. नाना म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, कुळात सगळ्यात वडील, बोलायला कडक. माय बाजूला बसून गव्हातले खडे निवडत होती. नानांनी एकेक नाव घ्यायला सुरुवात केली. शंकर झाला, त्याची मुलं झाली. माझं नाव यायच्या आधी मी म्हणालो, "नाना, मनी मूठ टाकू नका. मी खावाव नही, मंग मोजानी कसाले?"

नानांचा हात पाटीत थांबला. मायचाही थांबला. नानांनी मायकडे पाहिलं. ती उठली नाही, ओरडली नाही. हातातले खडे तिनं शांतपणे बाजूला ठेवले आणि म्हणाली, "येसा, तुना बाप ग्या, तवय त्यानी मूठ काढी. तू जित्ता शे ना?"

वर्षानुवर्षं मुठींचा आकडा माझ्यासमोर बदलताना मी पाहिला होता. तो दोनच कारणांनी बदलतो. कोणी जन्माला आलं की वाढतो, आणि कोणी गेलं की कमी होतो. तिसरं कारण नाही. दोन वर्षं ज्या बाईनं आपला मुलगा त्रेचाळीस किलोचा झालेला पाहिला होता, तो आपल्या हातून जातो की काय असं धरून चालली होती, तिच्यासमोर बसून मी माझी मूठ काढायला सांगत होतो.

"माय, तसं नही," मी म्हणालो. "पन मी खावाव नही, त्यानं काय?"

"मंग खाय," वहिनी आतून म्हणाली. "कानबाईना परसाद शे. कनभरनी काय व्हस?"

माय माझ्याकडे बघत होती. तिच्या नजरेत काय होतं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मी खावं असंही तिला वाटत असणार, आणि मी खाल्लं तर काय होईल याची भीतीही. मी त्या क्षणी एक घास खायला तयार झालो होतो, हे कबूल करतो. आठ दिवस अंथरुणात गेले असते, एवढंच. तेवढ्यावर सुटत असेल तर सुटू द्यावं असं वाटलं. मी म्हणालो, "बरं, एक घास खाई लेस..."

"काही नको!" माय एकदम म्हणाली. इतक्या जोरात की वहिनी बाहेर आली. "माले पुन्हा तुना हाडकं मोजाले नको लावू."

मूठ टाकली तर ती खायला हवी, आणि खायची नाही तर टाकायला नको. आणि नाही टाकली तर मी मेलेल्यांत जमा. नाना बराच वेळ पाटीतल्या गव्हांवरून हात फिरवत होते. ते विचार करताना असंच करायचे.

"येसा," ते म्हणाले, "तू हिशेब करस ना? मंग सांग. हाई बठ्ठं दयी टाकं, पीठ व्हयनं. त्याम्हा कोन्ही मूठ कोनती, कोन वयखस?"

"कोनी नही."

"मी आजलोंग मनी मूठ खादी का शंकरनी, माले ठाऊक नही. तुना बापनीबी खादी व्हई. टाकानी मंग. खावाले आम्ही शेतस."

त्यांनी मोठ्यानं नाव घेतलं, "यशवंत," आणि मूठ टाकली. वरची पावमूठही टाकली. मायनं पुन्हा खडे निवडायला घेतले. पाटीत काही दिसत नसल्यामुळे ती पदरानं डोळे पुसत होती, पण हात थांबवला नाही.

रविवारी पंगत बसली. मायनं त्या दिवशी सगळ्या कुळाची गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी आणि आमटी बिनहिंगाची केली होती. कोणाला सांगितलं नव्हतं. शंकर म्हणाला, "आमटीले काहीतरी कमी शे." माय म्हणाली, "तुले अक्कल," आणि पुढे गेली. तांदळाची खीर तिनं पोळ्या लाटायच्या आधीच वेगळ्या पातेल्यात करून झाकून ठेवली होती. माझं केळीचं पान ओळीच्या टोकाला, जरा अंतर ठेवून मांडलं होतं. त्यावर भाजी, भात, खीर.

रोट वाढताना शंकर माझ्या पानाशी घुटमळला. नानांनी आपलं पान पुढे सरकवलं. "आठे टाक. यशवंतना."

त्यांचं वय तेव्हा सत्तरीपुढचं होतं, स्वतःचाच वाटा त्यांना जास्त होत होता. ते माझा रोट चावून चावून खात होते आणि मधेच माझ्याकडे बघून म्हणाले, "पोट दुखनं तं तुनाच डॉक्टरकडे यीसू."

सगळी पंगत हसली. वहिनीही हसली. मी खीर खाल्ली.

आता

त्याला बरीच वर्षं झाली. आजार बरा होत नाही, पण त्याच्यासोबत राहता येतं. गोदामातल्या काट्यावर मी साठच्या आसपास असतो. प्रवासात पिशवीत भाकरी असते. कधी चूक होते, कुठल्या तरी भज्यात मैदा निघतो, मग काही दिवस अंथरूण. त्याचीही सवय झाली आहे. मुलगी तिच्या सासरी माझ्यासाठी स्वतंत्र तवा ठेवते.

माय गेली त्या श्रावणात नानांनी गहू मोजले तेव्हा मी शेजारी बसून मनात मोजत होतो. दोनदा मोजलं. आकडा तोच आला. तिच्या नावाची मूठ कधी नव्हतीच.

नंतर नाना गेले. आता कुळात मी वडील. शनिवारी दुपारी पाटी माझ्यापुढे येते. पहिल्या वर्षी नानांचं नाव गाळून पुढे जाताना माझा हात अडला होता, पण गाळावं लागतं. मी नावं घेत जातो, मूठ टाकत जातो. माझ्या वाट्याचा रोट कोणी खायचा यावरून शंकरच्या नातवांत दर वर्षी भांडण होतं, म्हणून आता त्यांनी आपसात पाळ्या लावून घेतल्या आहेत.

दळलेला, शिजलेला गहू मला चालत नाही. पण अख्खा दाणा हातात घेतला तर तो मला काही करत नाही. माझं नाव आलं की मी ते इतरांसारखंच मोठ्यानं घेतो, आणि मूठ भरून टाकतो. वरची पावमूठही.